वीस पानी चरित्र बाजूला ठेवा: विज्ञानकथेतल्या खलनायकाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चंद्रावरच्या वसाहतीवर बेतलेल्या नाटकात तुम्ही तिथल्या प्रशासकाचं काम करताय. हवा पुरत नाही म्हणून हा माणूस एका विभागाचा पुरवठा तोडतो. तिथले लोक मरणार हे त्याला ठाऊक आहे. शेवटच्या प्रवेशात एक तरुण अभियंती त्याला अडवायला येते. तुमच्या नाकातोंडावर श्वसनयंत्र आहे, म्हणजे अर्धा चेहरा झाकलेला. त्याचं बालपण, आईवडील, मोडलेलं लग्न असं सगळं धरून तुम्ही वीस पानी चरित्र लिहून काढलंत, तरी दिग्दर्शक रोज तालमीत म्हणतात, ‘खोली येत नाहीये.’ आणि तुम्ही विचारताय की कसलेले नट अशा भूमिकांत नेमकं काय करतात.

मी स्वतः काम करतो आणि बरीच वर्षं नटांच्या तालमीही घेतो. तुम्ही मेहनत केलेली दिसतेच आहे. ती फक्त चुकीच्या जागी गेली आहे असं मला वाटतं.

घरगुती नाटकातला कपटी दीर किंवा गावातला सावकार आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. प्रेक्षकानेही पाहिलेला असतो. नटाने दोन लकबी बरोबर पकडल्या की अर्धं काम प्रेक्षक स्वतःच करून टाकतो. विज्ञानकथेत हा आधारच नसतो. ग्रह उडवणारा सेनापती, माणसं मारणारा संगणक, वसाहतीची हवा तोडणारा प्रशासक यांना कुणी भेटलेलं नाही. मग घाबरलेला नट दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर तो गोष्टीच्या आकाराला शोभेल असं काहीतरी मोठं करू पाहतो: आवाज खर्जात, डोळे बारीक, प्रत्येक शब्दानंतर पॉज. नाहीतर तो पात्राच्या भूतकाळात शिरून बसतो, जसे तुम्ही बसलात. दोन्हीकडे एकच घोटाळा होतो. समोर उभं असलेलं माणूस नटाच्या नजरेतून सुटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कल्पना जितकी अवाढव्य, तितकी त्या पात्राची गरज लहान शोधायची. इतकी लहान, की समोरचा एक माणूस ती पुरी करू शकेल किंवा नाकारू शकेल. प्रेक्षकाला ब्रह्मांडाचा विनाश समजत नाही, कुणालाच समजत नाही. पण एका माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, हे मागच्या रांगेतल्या लहान मुलालाही कळतं.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. संहिता कुठल्या जातीची आहे, हा पहिला प्रश्न. ‘मिस्टर इंडिया’मधला (१९८७) मोगॅम्बो घ्या. अमरीश पुरी सत्यदेव दुबे यांच्या रंगभूमीवर घडलेले नट. त्यांना अंतर्मुख खलनायक जमला नसता असं कोण म्हणेल? पण त्या चित्रपटाचा सूर चित्रकथेचा आहे. तिथे त्यांनी जखमा-बिखमा शोधल्या नाहीत. स्वतःच्या दुष्टपणाचा मनमुराद आनंद लुटला, खूश झाल्याची एक सवय पकडली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. तिथे तेच बरोबर होतं. तुमचं नाटक त्या जातीचं असेल तर मी पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं विसरा. दुसरं, पात्र माणूस आहे, बदललेला माणूस आहे की यंत्र आहे? यंत्र असेल तर त्याला आत काही वाटतं का, हे दिग्दर्शकाबरोबर पहिल्या दिवशी ठरवून घ्यावं लागतं. तिसरं, रंगमंच की कॅमेरा. पापणीचं काम क्लोजअपमध्ये दिसतं, दहाव्या रांगेत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रशासक गंभीर नाटकातला, पूर्ण माणूस आणि रंगमंचावरचा आहे असं धरून चालतो.

आधी चरित्राचं बघू. भूतकाळ लिहायला माझी हरकत नाही, पण तो प्रेक्षकाला दिसत नसतो. तो वर्तमानात कुणावर तरी वापरला गेला तरच दिसतो. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या वानरांच्या मालिकेतल्या २०१४च्या चित्रपटात टोबी केबेलने कोबा हा वानर केलाय. कोबा प्रयोगशाळेत छळ सोसून आलेला आहे. त्याचा नेता म्हणतो, माणसांना त्यांचं काम करू दे. त्यावर कोबा स्वतःच्या अंगावरचे व्रण एकेक करून दाखवतो आणि प्रत्येक व्रणापाशी तेच म्हणतो: हे माणसांचं काम. संपलं. सगळं पूर्वायुष्य काही क्षणांत येतं, आणि येतं ते वाद जिंकण्यासाठी. केबेल तिथे स्वतःची कीव करत नाही, पुरावा मांडतो. त्याच चित्रपटात दोन बंदूकधारी माणसांसमोर कोबा सर्कशीतल्या माकडासारखे चाळे करतो, त्यांना हसवतो आणि संधी साधून बंदूक हिसकावतो. म्हणजे खलनायकच नट झाला. पिंजऱ्यात असताना माणसांना काय आवडतं हे तो शिकलाय, हे सांगणारं एकही वाक्य तिथे नाही आणि लागतही नाही.

तुमच्या वीस पानांतून अशी एकच गोष्ट काढा, जी प्रशासक त्या अभियंतीविरुद्ध वापरू शकेल. बाकीची खणात ठेवा.

गरज लहान करणं म्हणजे काय, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला ‘स्टार ट्रेक’मधला खान वाटतो. रिकार्डो मोंतालबान यांनी ही भूमिका आधी १९६७ साली मालिकेच्या एका भागात केली आणि पंधरा वर्षांनी, १९८२च्या चित्रपटात, पुन्हा केली. खान हा जनुकीय फेरफारातून घडवलेला अतिमानव, कधीकाळी पृथ्वीच्या मोठ्या भागावर राज्य केलेला. असं पात्र हातात आलं की नट ‘अतिमानव’ खेळायला धावतो. पण दुसऱ्या वेळी त्या पात्राला जे हवंय ते एका विधुराला हवं असतं. नायक कॅप्टन कर्कने त्याला एका ग्रहावर सोडलं, तो ग्रह उजाड झाला, त्यात खानची बायको गेली, आणि कर्कने इतक्या वर्षांत एकदाही चौकशी केली नाही. मोंतालबान रागाच्या खाली हा अपमान सतत चालू ठेवतात. मला विचाराल तर बायकोच्या मृत्यूइतकंच, ‘तू साधं विचारायलाही आला नाहीस’ हे त्यात आहे.

आणि गंमत अशी की खान आणि कर्क त्या चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. जे बोलणं होतं ते पडद्यावरून. दोघांचे प्रसंग वेगवेगळे चित्रित झाले, कर्क झालेले विल्यम शॅटनर सेटवर नसत आणि कर्कची वाक्यं दुसरंच कुणी वाचून दाखवत असताना मोंतालबान काम करत होते. तरीही संपूर्ण चित्रपटभर त्यांची नजर एकाच माणसावर रोखलेली वाटते. सहकलाकार समोर असूनही त्याच्याकडे न बघणाऱ्या नटांना मी हे नेहमी सांगतो.

‘ब्लेड रनर’ (१९८२) मधला रॉय बॅटी यापुढचा धडा आहे. हा कृत्रिम माणूस, आयुष्य चार वर्षांचं, आणि ते संपत आलेलं. त्याला त्याच्या निर्मात्याकडून आणखी वेळ हवाय. मागणी किती सरळ आहे बघा. रुटगर हाउअर यांनी त्यात एक फार हुशार गोष्ट केली असं मला वाटतं: शरीर योद्ध्याचं, पण भावना चार वर्षांच्या पोराच्या. बॅटी खेळतो, चिडवतो, लांडग्यासारखा ओरडतो, दुःख झालं तर ते कुठे ठेवायचं हे त्याला कळत नाही. क्रूरपणा आहेच, पण तो न शिकवलेल्या मुलाचा आहे. त्याच्या शेवटच्या प्रसिद्ध स्वगताची हकिगतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. संहितेतलं भाषण लांब होतं. चित्रीकरणाआधी हाउअर यांनी ते छाटलं, आदल्या मसुद्यातल्या एकदोन प्रतिमा ठेवल्या आणि आठवणी पावसातल्या अश्रूंसारख्या हरवून जातील हे वाक्य स्वतः घातलं.

यावरून नट मंडळी ‘आपलं वाक्य आपण लिहावं’ असा धडा घेतात. लेखकाशी भांडण काढायचं असेल तर जरूर घ्या. मी घेतलेला धडा कापण्याचा आहे. विज्ञानकथेतलं लांब भाषण बहुतेक वेळा जगाचे नियम समजावत असतं. ते काम प्रेक्षकासाठी आहे, पात्रासाठी नाही. त्यातलं जे पात्राला समोरच्यापर्यंत पोचवायचंच आहे तेवढ्यावर जोर द्या. बाकीचं रोजच्या बोलण्याच्या वेगाने जाऊ द्या. तुमच्या प्रशासकासाठी ‘ऑक्सिजनचा दाब’ हा शब्द कारकुनाच्या ‘जावक क्रमांका’इतका सवयीचा आहे. तो शब्द तुम्ही चवीने उच्चारलात की प्रेक्षकाला लगेच कळतं की तुम्ही कालच तो पाठ केलाय.

आता यंत्र. तुमचं पात्र यंत्र नाही, पण तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी काम एका यंत्राचंच आहे म्हणून इथे जरा थांबतो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मधला अंतराळयानाचा संगणक हॅल. आवाज डग्लस रेन यांचा. कॅनडातले शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेले नट. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी आधी दुसऱ्या नटाचा आवाज घेऊन पाहिला होता, मग चित्रीकरण उरकल्यावर रेन यांच्याकडून सगळी वाक्यं ध्वनिमुद्रित करून घेतली. म्हणजे सेट नाही, पोशाख नाही, सहकलाकार नाही, चेहरा तर नाहीच. एक लाल दिवा आणि आवाज.

हॅल बंद केला जातो तो प्रसंग डोळे मिटून ऐका. अंतराळवीर त्याचे स्मृतीचे ठोकळे एकेक करून काढतोय. हॅल पहिल्यांदा अधिकाराने विचारतो, तू हे काय करतोयस. उत्तर येत नाही. मग तो आश्वासन देतो की माझ्यात बिघाड झाला होता खरा, पण आता सगळं ठीक होईल. मग डॉक्टरसारखा सल्ला देतो की शांत हो, गोळी घे, विचार कर. मग चूक कबूल करतो. मग मोहिमेवरच्या निष्ठेची हमी देतो. मग थांब म्हणतो. मग भीती वाटतेय म्हणतो. शेवटी त्याच्याकडे फक्त शिकवलेलं गाणं उरतं, आणि आवाज खाली खाली जात विझतो. गाणं लागेपर्यंत सूर जवळजवळ हलत नाही, पण डाव दर वाक्याला बदलतो. आणि भीती वाटतेय हे वाक्य त्यांनी भीती न घालता म्हटल्यामुळे ती भीती ऐकणाऱ्याच्या अंगात जाते.

नटांना मी हाच सराव देतो. एक उतारा घ्यायचा, आवाजाची पट्टी आणि वेग बांधून टाकायचा, आणि फक्त डाव बदलायचा: धमकी, लालूच, सल्ला, विनवणी. सुरुवातीला सगळे वैतागतात. नंतर लक्षात येतं की आजवर ‘भावना’ म्हणून आपण बहुतेक वेळा आवाज वरखालीच करत होतो. खलनायकाची खोली म्हणून प्रेक्षक ज्याला दाद देतो ते पुष्कळदा हेच असतं. त्याच्याजवळ एकाहून अधिक डाव आहेत आणि ते संपत चालले आहेत, हे दिसणं.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो: नियम बांधा, आणि मग एकदाच मोडा. बांधलेला नियम कसा दिसतो ते ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या भागात (१९९१) दिसतं. रॉबर्ट पॅट्रिक तिथला नवा यंत्रमानव. पहिल्या भागातल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरपुढे हा शिडशिडीत माणूस. ताकद दाखवून भागणार नव्हतं. त्याने तोंड मिटून, नाकाने श्वास घेत पळण्याचा सराव केला, म्हणजे कितीही धावला तरी धाप दिसू नये. गोळी झाडताना पापणी लवू नये याचाही केला. धाप आणि पापणी, दोनच गोष्टी काढून टाकल्या आणि माणूस माणसातून उठला. त्या पात्राला आतलं जग नाही आणि पॅट्रिकने ते आणायचा मोहही धरला नाही. प्रत्येक खलनायकाला दुःख द्यावंच लागतं असं मानणाऱ्यांनी हे काम बघावं.

नियम मोडण्याचं उदाहरण मात्र ‘मेट्रिक्स’मधलं (१९९९). ह्यूगो वीव्हिंगचा एजंट स्मिथ हा संगणकीय व्यवस्थेचा सरकारी सूटमधला शिपाई. बोलणं संथ, अक्षर न् अक्षर सुटं, चेहरा इस्त्री केल्यासारखा, काळा चष्मा, कानात यंत्र. मग कैद्याच्या चौकशीत तो सोबत्यांना बाहेर घालवतो, कानातलं यंत्र काढतो, चष्मा काढतो आणि कबुली देतो की मला या जागेचा, इथल्या वासाचा किळस आलाय, मला इथून सुटायचंय. जेलरच कैदी निघतो. हा क्षण एवढा बसतो कारण तोवर वीव्हिंगने एकही भेग दाखवलेली नव्हती. पहिल्या प्रवेशापासून ‘आतून अस्वस्थ’ दिसत राहिला असता तर इथे मोडायला काही शिल्लकच नसतं. आपल्याकडचे हौशी नट एन्ट्रीलाच सगळी जखम उघडी करतात. तुम्हीही तेच करताय अशी मला शंका आहे, कारण वीस पानं लिहिलेल्या माणसाला ती कधी एकदा दाखवतो असं होतं.

झाकलेला चेहरा. इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण प्रश्नात तुम्ही हे जाता जाता सांगितलंत आणि मला ती तुमची सगळ्यात मोठी संधी वाटते.

‘स्टार वॉर्स’मधल्या मुखवटाधारी डार्थ व्हेडरबद्दल लोक ‘केवढा आवाज!’ एवढंच बोलतात. ते पात्र खरं तर तुकड्यातुकड्यांनी घडलंय. १९७७ साली सूटमध्ये डेव्हिड प्राउस हा धिप्पाड शरीरसौष्ठवपटू होता. आवाज नंतर जेम्स अर्ल जोन्स यांनी दिला, आणि पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांनी स्वतःचं नावही येऊ दिलं नाही. श्वासाचा तो आवाज ध्वनिकार बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळवला. १९८३च्या भागात मुखवटा उतरतो तेव्हा चेहरा आणखी तिसऱ्याच नटाचा, सेबॅस्टियन शॉ यांचा. एवढ्या हातांतून गेलेलं पात्र एकसंध वाटतं, कारण मुखवट्याचा नियम सगळ्यांनी पाळला: हालचाल कमी, आणि एका वेळी एकच.

त्याच १९८३च्या भागात सम्राट व्हेडरच्या मुलाला यातना देतोय. व्हेडर बाजूला उभा. शिरस्त्राण सम्राटाकडे वळतं, मुलाकडे वळतं, पुन्हा सम्राटाकडे. मूळ आवृत्तीत शब्द नाही, आणि मुखवट्यावर भाव तर असूच शकत नाहीत. तरी त्या दोन-तीन वळणांत बाप तयार होताना दिसतो. पुढे २०११च्या ब्लू-रे आवृत्तीत त्या जागी ‘नाही!’ असं ओरडणं घालण्यात आलं. माझ्या मते तो प्रसंग त्याने उथळ झाला. प्रेक्षक जे स्वतः भरत होता ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

तुमचा मुखवटा याच्या उलटा आहे, तुमचे डोळे मोकळे आहेत. त्याला सगळ्यात जवळचं काम म्हणजे ‘मॅड मॅक्स’च्या २०१५च्या भागातला इम्मॉर्टन जो. नट ह्यू कीज-बर्न, रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम केलेले. नाकातोंडावर दातांचं श्वसनयंत्र. हाही साठ्यावर बसलेला राजा. पाणी त्याच्या ताब्यात आहे, आणि तहानलेल्या गर्दीलाच तो पाण्याची चटक लावून घेऊ नका असं बजावतो. सुरुवातीलाच त्याचं आजारी, फोडांनी भरलेलं शरीर पावडर लावून चिलखतात बसवलं जाताना दिसतं. प्रेक्षकाला तेवढंच माहिती, गर्दीला नाही. त्याला हवा आहे एक धडधाकट मुलगा. वाळवंटाचं साम्राज्य एका आजारी म्हाताऱ्याच्या वारसापाशी येऊन थांबतं. हे सगळं कीज-बर्न डोळ्यांतून आणि मानेतून करतात.

मुखवट्याचं तंत्र म्हणाल तर ते फारसं गूढ नाही. नुसते डोळे वळवू नका, मान वळवा, नाकाच्या टोकाने बोट दाखवल्यासारखी. आधी मान वळेल, मग वाक्य सुरू होईल. दोन्ही एकदम केलंत तर कोण बोलतंय हेच मागच्या रांगांना कळत नाही, कारण ओठ दिसत नाहीत. वाक्य संपल्यावर मान जागेवर ठेवा, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत. श्वास ऐकू येणार असेल तर तो तुमचा सर्वात प्रामाणिक संवाद आहे: इतरांची हवा तोडणारा माणूस स्वतः यंत्रातून हवा घेतोय, आणि तिचा प्रत्येक घोट सभागृहात ऐकू येतोय. तो श्वास एरवी संथ ठेवा. कुठल्या एका वाक्यापाशी चुकवायचा ते आधी ठरवा, दिग्दर्शकालाही सांगा. दोनदा चुकवू नका.

सहानुभूतीचा सापळा राहिलाच. खोली म्हणजे प्रेक्षकाला पात्राची दया येणं, असा एक समज आहे. तो नटाला रडवतो, आणि रडणारा खलनायक दयेची भीक मागतो. ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत (१९९३ ते १९९९) लुईस फ्लेचर यांनी कायी विन्न ही धर्मगुरू केली आहे, ती बघा. त्या गोड हसतात, समोरच्याला बाळ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं. आत दुःख मोठं आहे: आयुष्यभर ज्या देवांची सेवा केली ते तिच्याशी कधी बोलले नाहीत, आणि बाहेरून आलेल्या, श्रद्धा नसलेल्या माणसाशी बोलतात. फ्लेचर ते दुःख हसण्याच्या मागे असं दाबतात की ते मत्सर होऊनच बाहेर येतं. आपल्याला तिची दया येत नाही, पण ती समजते. एवढं पुरतं.

आणि निर्णयाचा क्षण मोठा करू नका. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पीटर कुशिंग यांचा टार्किन एक अख्खा ग्रह उडवण्याचा हुकूम देतो, तो एखाद्या अधिकाऱ्याने फायलीवर शेरा मारावा तसा. सभ्य आवाज, नीट उभं राहणं. कुशिंग यांना मिळालेले बूट इतके तंग होते की बऱ्याच प्रसंगांत ते सपाता घालून उभे आहेत आणि कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवलाय! तुमची कळ दाबण्याची जागा अशीच साधी ठेवा. ती भीषण करायचं काम अभियंतीचं आहे. राजा राजासारखा वागून होत नाही, इतर त्याच्याशी कसे वागतात त्यावरून होतो, हे रंगभूमीवर फार जुनं आहे. सहकलाकारांशी बोला: तुम्ही शेजारून गेल्यावर कोण बोलणं थांबवतं, कोण वाटेतून सरकतं, कोण नजर देत नाही. त्यांनी हे केलं तर तुमच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरेल.

थोडक्यात, तुमच्या शेवटच्या प्रवेशासाठी मी असं करेन. प्रशासकाला अभियंतीकडून काय हवंय? मी तुमची संहिता वाचलेली नाही, पण पुरवठा तोडायला तिची परवानगी लागत नसेल, तर तो तिच्याशी इतका वेळ बोलतोय कशाला? हुकूम देऊन मोकळा का होत नाही? माझा अंदाज, त्याला तिच्या तोंडून हवंय की ‘तुमच्या जागी मीही हेच केलं असतं.’ एवढं एकच वाक्य. ते ती देत नाही. मग तो आकडे सांगतो, बढती दाखवतो, तिच्या वडिलांसारखा बोलतो, तिला भेकड म्हणतो, आणि तुमच्या वीस पानांतली ती एक गोष्ट काढून तिच्यासमोर टाकतो. तरीही ती देत नाही. आणि मग तो कळ दाबतो. ही गरज तुमच्या संहितेत बसत नसेल तर दुसरी शोधा, पण ती याच मापाची असू द्या.

तालमीत हा प्रवेश एकदा चंद्र, हवा, दाब हे सगळे शब्द काढून करा. दोन सहकारी आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या माणसांना कामावरून काढलंय असं समजा. तिथे प्रवेश पेटला नाही तर चंद्रावरही पेटणार नाही. पेटला तर शब्द परत घाला आणि बाकी काही बदलू नका.

आणि ते श्वसनयंत्र रंगीत तालमीपर्यंत थांबू नका, उद्याच मागून घ्या. खरं तयार नसेल तर त्याच आकाराचं काहीतरी बांधा. त्यात व्यंजनं किती गिळली जातात, घाम कुठे येतो, मान किती वळते हे कळायला दिवस लागतात. ध्वनी सांभाळणाऱ्यांना माइक यंत्राच्या आत बसवायचा की बाहेर हे आत्ताच ठरवायला सांगा, कारण वर मी श्वासाबद्दल जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका निर्णयावर टांगलेलं आहे.